मुंबई शहर उत्तर : दोन खासदार निवडणारा मतदारसंघ नेमका गेला कुठे?

सातरस्ता (धागाकर्ता)

माझे आजोबा परळच्या एका कापडगिरणीत विणकाम खात्यात होते. घरात निवडणुकीचा विषय निघाला की त्यांचे एक वाक्य ठरलेले असे : ‘पहिल्या निवडणुकीत लोकसभेला मी दोन मतं टाकली, आणि तीही कायद्यानं.’ आम्ही नातवंडे हसायचो, आणि आजी ‘त्यातलं एक खरं असेल’ असे म्हणून विषय संपवायची. ते गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी माझ्या वाचनात आले की १९५२ साली मुंबईत खरोखरच दोन खासदार निवडून देणारा एक मतदारसंघ होता, त्याचे नाव ‘मुंबई शहर उत्तर’ होते, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकसभेची पहिली निवडणूक तिथूनच लढले आणि हरले. म्हणजे आजोबा थाप मारत नव्हते.

माझे प्रश्न दोन आहेत. हा मतदारसंघ आजच्या नकाशावर कोणता? आणि एका मतदाराला दोन मते, ही व्यवस्था प्रत्यक्षात चालत कशी होती? आजच्या राजकारणावर चर्चा करण्यासाठी हा धागा नाही, एवढी विनंती आधीच करून ठेवतो.

चिंचपोकळीकर

सोपे आहे. आजचा दक्षिण मध्य मुंबई. पुढचा प्रश्न?

जुनी_दप्तरे

चिंचपोकळीकर, इतके सोपे असते तर धागा निघाला नसता. १९५२ च्या ‘मुंबई शहर उत्तर’चा आज एकही सरळ वारस नाही.

त्या वेळी मुंबई शहर म्हणजे माहीम आणि शीवपर्यंतचे बेट, आणि उपनगरांचा मतदारसंघ वेगळा होता. शहराचे दोन भाग केले होते. दक्षिणेतून स. का. पाटील निवडून आले, उत्तरेतून दोघे आले : सर्वसाधारण जागेवर विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या जागेवर नारायण सदोबा काजरोळकर, दोघेही काँग्रेसचे. उपनगरांतून जयश्री रायजी निवडून आल्या. गिरणगावचा मोठा भाग, परळ, नायगाव, दादर हे सगळे या ‘उत्तरे’त होते, आणि तेव्हाच्या मुंबईसाठी ती खरोखरच उत्तर होती.

पुढे शहराची हद्द वाढली. १९५७ मध्ये ‘मुंबई शहर उत्तर’ हे नाव यादीत पुन्हा दिसते खरे, पण ते उपनगरांकडच्या मतदारसंघाला दिलेले आहे, आणि तिथून व्ही. के. कृष्ण मेनन निवडून आले. जुन्या उत्तरेचा गाभा ‘मुंबई शहर मध्य’ या नव्या मतदारसंघात गेला. तोही द्विसदस्यच होता. १९६२ मध्ये त्याचे ‘मध्य उत्तर’ आणि ‘मध्य दक्षिण’ असे दोन तुकडे झाले, १९६७ मध्ये नावे आणि हद्दी पुन्हा बदलल्या, १९७७ मध्ये पुन्हा, आणि २००८ च्या पुनर्रचनेत आणखी एकदा. त्यामुळे १९५२ चा निकाल आणि १९५७ चा निकाल केवळ नाव सारखे म्हणून एकाखाली एक मांडणारे तक्ते कुठे दिसले तर ते बाजूला ठेवावेत. त्यांतून बाबासाहेब आणि कृष्ण मेनन एकाच जागेवरून लढल्याचा भास होतो.

चिंचपोकळीकर

शब्द मागे घेतो. आमच्या चाळीत खोली तीच, नंबर पाच वेळा बदलला, तसलाच हा प्रकार दिसतो.

मीरा_वाशी

दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहिते. द्विसदस्य मतदारसंघ ही केवळ मुंबईची गंमत नव्हती. १९५२ मध्ये देशभरात लोकसभेचे ४०१ मतदारसंघ होते, त्यांपैकी ८६ द्विसदस्य आणि एक, उत्तर बंगाल, चक्क त्रिसदस्य होता. म्हणून ४०१ मतदारसंघांतून ४८९ खासदार. राखीव जागेसाठी वेगळा भूभाग तोडून न काढता मोठ्या मतदारसंघात एक जागा सर्वांसाठी खुली आणि एक राखीव ठेवायची, अशी ती रचना होती. मतदार सगळे सामाईक. प्रत्येकाला दोन मते. दोन्ही राखीव उमेदवारांना दिली तरी चालत, दोन्ही इतरांना दिली तरी चालत, फक्त दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. दिलीच, तर एक बाद.

तेव्हा शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र लोखंडी पेटी, पेटीवर त्याचे चिन्ह, आणि मतदाराने एक रुपयाच्या नोटेएवढी मतपत्रिका आडोशाला जाऊन हव्या त्या पेटीत टाकायची. मतपत्रिका नाशिकच्या सरकारी छापखान्यात छापलेल्या होत्या, आणि देशभरच्या पेट्यांपैकी १२ लाखांहून अधिक आपल्या विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात बनल्या होत्या. आता शहर उत्तरेतल्या आडोशामागे उभे राहून पाहा : समोर आठ उमेदवारांच्या आठ पेट्या, हातात दोन कागद. काँग्रेसची बैलजोडी आहे, बाबासाहेबांचा हत्ती आहे, समाजवाद्यांचे वडाचे झाड आहे, कम्युनिस्टांचे विळा आणि कणीस आहे. बरोबर कोणी नाही, आणि पहिलीच वेळ. दोन्ही कागद एकाच पेटीत घालून मोकळे होणारे किती असतील याचा विचार करा.

ठोंब्या

सातरस्ता, तुमच्या आजोबांनी उलट कमीच सांगितले. त्याच वेळी विधानसभेचेही मतदान होते, म्हणजे त्यांनी किमान तीन कागद टाकले असणार. गिरणीकामगार आणि हिशेबात कमी सांगतो, हे काही पटत नाही.

अंकगणित_मास्तर

आकडे समोर ठेवल्याशिवाय या निकालावर बोलू नये, म्हणून ठेवतो. विठ्ठल गांधी १,४९,१३८. समाजवादी पक्षाचे अशोक मेहता १,३९,७४१. काजरोळकर १,३८,१३७. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे बाबासाहेब १,२३,५७६. कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगे ९६,७५५. बाकीचे तिघे बरेच मागे होते.

आता यातली विचित्र गोष्ट पाहा. अशोक मेहतांना काजरोळकरांपेक्षा १,६०४ मते जास्त आहेत, तरी काजरोळकर लोकसभेत गेले आणि मेहता घरी राहिले. कारण मोजणीचा नियम असा की राखीव जागा अनुसूचित जातींच्या उमेदवारांत ज्याला सर्वाधिक मते त्याला आधी द्यायची, आणि उरलेल्या सगळ्यांत जो पहिला त्याला दुसरी. उरलेल्यांत मेहतांच्या पुढे गांधी होते.

बाबासाहेब १४,५६१ मतांनी हरले. मेहता आणि बाबासाहेब यांची युती होती, म्हणजे समाजवाद्यांची दोन मते वडाला आणि हत्तीला, आणि फेडरेशनची हत्तीला आणि वडाला, असे ठरलेले होते. ते तंतोतंत पाळले गेले असते तर दोघांचे आकडे जवळपास सारखे यायला हवे होते. प्रत्यक्षात बाबासाहेब मेहतांच्या १६,१६५ मागे आहेत. मेहतांइतकीच मते पडली असती तर राखीव जागा बाबासाहेबांची होती.

परळचा_विळा

मास्तर, तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी आभार. आमच्या घरात पिढीजात लाल झेंडा, आणि लहानपणापासून ऐकत आलो की ‘डांग्यांनी बाबासाहेबांना पाडले’. तुमचे आकडे तर असे सांगतात की मित्रपक्षाच्या मतदारांनीच हत्तीची पेटी टाळली. सवर्ण समाजवादी मतदाराचा हात ऐन वेळी आखडला, हे म्हणणे कोणाला अवघड जाते, म्हणून खापर कम्युनिस्टांवर फुटते.

नायगाव_बीडीडी

इतके सोपे करून सांगू नका. बाबासाहेब आणि अशोक मेहता या दोघांनी मिळून निवडणूक न्यायाधिकरणाकडे अर्ज केला होता, आणि त्यात डांगे हे प्रमुख प्रतिवादी होते. दुसरे मत कोणालाही देऊ नका, ते कुजवा, असा प्रचार कम्युनिस्टांनी केला, ही त्यातली मुख्य तक्रार होती. अर्जात बाद झालेल्या मतपत्रिकांचा आकडा ७४,३३३ दिला होता. पराभवाच्या फरकाच्या पाचपट! न्यायाधिकरणाने अर्ज फेटाळला, हे खरे. पण अर्ज फेटाळला गेल्याने ७४,३३३ कागद पुन्हा मोजले गेले नाहीत.

‘मत कुजवणे’ हा शब्द आमच्या आजीच्या तोंडी होता. उरलेली भाकरी कोणी टाकली की ती म्हणायची, ‘मत कुजवल्यागत कुजवू नका.’ तो शब्द कुठून आला हे मला कॉलेजात गेल्यावर कळले.

परळचा_विळा

मान्य, प्रचार झाला नाही असे मी म्हणत नाही. पण डांग्यांचा मतदार दुसरे मत न कुजवता कोणाला देणार होता? समाजवादी आणि कम्युनिस्ट तेव्हा गिरणगावात एकमेकांच्या युनियनी फोडत होते.

नायगाव_बीडीडी

हत्तीला. फेडरेशनने तुमची कुठली युनियन फोडली होती?

परळचा_विळा

(यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि वडिलांकडेही नव्हते.)

अंकगणित_मास्तर

विळासाहेब, माझ्या आकड्यांवर तुम्ही जरा जास्तच भार टाकलात, म्हणून खुलासा करतो. १६,१६५ हा निव्वळ फरक आहे. त्यावरून किती समाजवादी मतदारांनी हत्ती टाळला हे कळत नाही, कारण त्याच वेळी किती फेडरेशनवाल्यांनी वड टाळला हेही कळत नाही. दोन्ही बाजूंची गळती एकमेकांत वजा होऊन जे उरले तेवढेच आपल्याला दिसते. काँग्रेसच्या बैलजोडीतही गांधी आणि काजरोळकर यांच्यात ११,००१ मतांचा फरक आहे. म्हणजे राखीव उमेदवाराची पेटी टाळणारा मतदार सगळीकडे होता, आणि काँग्रेसकडे तो परवडण्याइतकी मते होती.

स्कोअरबुक

एक जोड देतो, कारण त्याशिवाय बाद मतांचे कोडे उलगडत नाही. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत बाबासाहेब याच गिरणगाव पट्ट्यातून, भायखळा-परळ मतदारसंघातून, मुंबई विधानसभेवर निवडून आले होते. समोर काँग्रेसचे उमेदवार होते पळवणकर बाळू, म्हणजे १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात गोऱ्यांची दांडी गुल करणारे आपले बाळू. बाबासाहेबांना १३,२४५ मते, बाळूंना ११,२२५.

मुद्दा असा की १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बहुसदस्य मतदारसंघांत मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकायची मुभा होती. संख्येने कमी पण एकजूट असलेल्या समाजाला तिचा मोठा आधार होता, आणि बाबासाहेबांच्या तेव्हाच्या स्वतंत्र मजूर पक्षाने तिचा पुरेपूर उपयोग केला. १९५२ मध्ये तीच गोष्ट नियमबाह्य ठरली. ज्या वस्तीत पंधरा वर्षांपूर्वी ‘सगळी मते बाबासाहेबांना’ ही शिस्त होती, तिथे दोन्ही कागद हत्तीच्या पेटीत पडले असतील तर त्यातला एक बाद झाला. हा माझा तर्क आहे, पण ७४,३३३ मधले सगळे कागद डांग्यांच्या सांगण्यावरून बाद झाले असे मानण्यापेक्षा तो मला जास्त पटतो.

नायगाव_बीडीडी

स्कोअरबुक, हा तर्क मला पूर्वी सुचला नव्हता. त्रास एवढाच आहे की तो खरा असेल तर बाबासाहेबांना सर्वांत जास्त मानणाऱ्यांचेच कागद बाद झाले. पण बाद झालेल्या त्या दुसऱ्या कागदाने बाबासाहेबांचा आकडा कमी होत नाही. त्यांचे एक मत तर मोजले गेलेच. घटले असेल ते मेहतांचे.

अंकगणित_मास्तर

बरोबर, आणि म्हणूनच मेहता अर्जात सहअर्जदार असणे साहजिक होते. ते ९,३९७ मतांनी हरले होते.

मीरा_वाशी

या दोघांची पुढची भेटही द्विसदस्य मतदारसंघातच झाली. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर जिंकले आणि बाबासाहेब राखीव जागेवर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. तिथे काही कार्यकर्त्यांनी दुसरे मत कुजवण्याची कल्पना मांडली तेव्हा बाबासाहेबांनी ती धुडकावली, अशी आठवण सांगितली जाते. मुंबईत ज्यांच्याविरुद्ध तेच हत्यार वापरल्याची तक्रार होती, त्यांनी ते स्वतः उचलावे, हे त्यांच्या स्वभावात बसले नसते.

कोकण_रेल्वे

काजरोळकरांविषयी कोणीच काही लिहीत नाही. आपल्याकडे त्यांचा उल्लेख ‘बाबासाहेबांना हरवणारा कोणीतरी’ असाच होतो. ते चर्मकार समाजातले, काँग्रेसचे कार्यकर्ते होते, आणि १९६२ मध्ये मध्य उत्तरेतून पुन्हा निवडून आले. एकदा लाटेवर आलेला माणूस दहा वर्षांनी पुन्हा येत नाही. अनुसूचित जातींत महार समाजाबाहेरही मतदार आहेत आणि ते सगळे फेडरेशनबरोबर नाहीत, हे काँग्रेसने ओळखले होते. ते मान्य करायला आपल्याला जड जाते.

नायगाव_बीडीडी

जड जाते, पण खरे आहे.

जुनी_दप्तरे

मला या मतदारसंघाच्या चरित्रातला सगळ्यांत थक्क करणारा भाग १९५७ चा वाटतो. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्या वर्षी फेब्रुवारीत स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेकाप आणि फेडरेशन एका मांडवाखाली आले होते. १९५७ च्या निवडणुकीत ‘मुंबई शहर मध्य’ या द्विसदस्य मतदारसंघातून निवडून आलेले दोन खासदार कोण? सर्वसाधारण जागेवर कॉम्रेड डांगे, आणि राखीव जागेवर फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने.

पाच वर्षांपूर्वी ज्यांच्यात न्यायाधिकरणापर्यंत भांडण गेले, त्याच दोन पक्षांची ही जोडी त्याच गिरणगावातून दोन कागदांवर एकत्र निवडून आली. परळच्या मतदाराने या वेळी दुसरे मत कुजवले नाही. मुंबई महाराष्ट्राला मिळाली पाहिजे, हे कारण त्याला तेवढे मोठे वाटले.

परळचा_विळा

आमच्या घरात सगळ्यांना फक्त १९५७ आठवते. १९५२ विषयी कोणी विचारले की चहा ठेवायला उठतात.

वकीलकाका

ही पद्धत बंद का पडली, हा मूळ प्रश्नाचाच भाग आहे, म्हणून सांगतो. १९५७ मध्ये आंध्रातल्या पार्वतीपुरम या द्विसदस्य मतदारसंघात व्ही. व्ही. गिरी, म्हणजे पुढे राष्ट्रपती झालेले गिरी, सर्वसाधारण जागेसाठी उभे होते. तिथली राखीव जागा अनुसूचित जमातींसाठी होती. झाले असे की पहिले दोन्ही क्रमांक आदिवासी उमेदवारांनी पटकावले आणि गिरी ५६५ मतांनी तिसरे आले. एक राखीव जागेवर, मग दुसऱ्याला सर्वसाधारण जागा कशी, असा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने १९५९ मध्ये सांगितले की सर्वसाधारण जागा सर्वांचीच आहे, राखीव जागेचा उमेदवार मतांच्या बळावर ती जिंकू शकतो.

कायद्याने हे अगदी बरोबर होते. पण ‘सर्वसाधारण’ म्हणजे ‘आपली’ असे धरून चाललेल्या पुढाऱ्यांची झोप उडाली. मतदारसंघ दुप्पट मोठा, प्रचार दुप्पट, मतदाराचा गोंधळ, या तक्रारी आधीपासून होत्याच. त्या सगळ्या धरून १९६१ मध्ये कायदा झाला, आणि १९५७ चे ९१ द्विसदस्य मतदारसंघ फोडून एकसदस्य करण्यात आले. ‘मुंबई शहर मध्य’ त्यातच गेला. १९६२ मध्ये मध्य दक्षिणेतून विठ्ठल गांधी आणि मध्य उत्तरेतून काजरोळकर, ही १९५२ ची जोडी वेगवेगळ्या दारांनी परत आली आणि डांगे पडले. १९६७ मध्ये डांगे मध्य दक्षिणेतून पुन्हा जिंकले, आणि मध्य मुंबईतून आर. डी. भंडारे आले. बाबासाहेबांचे जवळचे सहकारी, पण तोवर काँग्रेसमध्ये गेलेले.

ठोंब्या

काका, म्हणजे दोघांना एका खोलीत नांदता आले नाही म्हणून मध्ये भिंत घातली, आणि भाडेकरू तेच राहिले.

मीरा_वाशी

ठोंब्या, हसले, पण भिंतीमुळे एक फरक पडलाच. द्विसदस्य मतदारसंघात प्रत्येक मतदाराला राखीव जागेचा उमेदवार निवडण्याचा आणि खुल्या जागेचाही उमेदवार निवडण्याचा अधिकार होता. भिंतीनंतर अर्ध्यांच्या वाट्याला एक आला आणि अर्ध्यांच्या वाट्याला दुसरा. नायगावच्या मतदाराला खुल्या जागेवर आणि गिरगावच्या मतदाराला राखीव जागेवर बोलायची सोय उरली नाही. जुनी पद्धत परत आणा असे माझे म्हणणे नाही, ती चालवायला फार अवघड होती. पण ती केवळ गोंधळ म्हणून बंद पडली, हे पटत नाही.

वकीलकाका

मीराताई, गिरगावचे उदाहरण सोडले (ते दक्षिणेचे) तर मुद्दा पटला.

सातरस्ता (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. जुनी_दप्तरे यांनी पहिला प्रश्न निकालात काढला आणि मीराताईंनी दुसरा. हे सगळे वाचून रविवारी डोंबिवलीला थोरल्या आत्याकडे गेलो. १९५२ मध्ये ती बारा वर्षांची होती. तिला पेट्या, पक्ष, न्यायाधिकरण यांतले काही माहीत नाही, पण तो दिवस आठवतो, कारण गिरणीत न जाता आजोबा दुपारीच धुतलेला सदरा घालून घरी आले होते.

आजीने विचारले, दोन कागद कुठे कुठे टाकले. आजोबा म्हणाले, एक हत्तीत आणि एक विळ्यात. म्हणजे मास्तरांच्या कुठल्याच रांगेत न बसणारा मतदार : युतीही मोडली, आणि युनियनने सांगूनही दुसरे मत कुजवले नाही. आत्या सांगते, आजीने पुढे विचारले, ‘हत्तीबरोबर वडाला टाकायचं ठरलं होतं ना? चाळीतले सगळे तसंच म्हणत होते.’ त्यावर आजोबा सदरा खुंटीला लावत म्हणाले, ‘वडाला गुंडाळायला तुझं सूत आहे की.’